रिनाच्या नावावरची रेघ

ही गोष्ट खरी आहे. ज्याच्यासोबत घडली तो अश्विन रंगारी आजही चंद्रपुरात जटपुरा गेटजवळच्या एका गल्लीत दुकान लावून बसतो. तुम्ही जाऊन विचारलंत तर तो सांगणार नाही. मला सांगितली, कारण त्या लग्नात मीही जेवलो होतो.

असल्या गोष्टी रात्रीच घडतात असं आपण धरून चालतो.

ही भर दुपारी घडली.

एकवीस एप्रिल, दोन हजार तेवीस. शुक्रवार. दुपारचे सव्वादोन. गाव सिंदेवाही तालुक्यातलं, जंगलाला अगदी खेटून. नाव मुद्दाम देत नाही. ते घर तिथेच आहे, भिंतही आहे. आणि घरात जी राहते...

राहू द्या. क्रमाने सांगतो.

अश्विनचा धंदा अक्षरांचा. लग्नपत्रिका हाताने लिहून देणं, बारशाच्या पाटीवर बाळाचं नाव रंगवणं, कोळसा खाणीतून कुणी रिटायर झालं की त्याच्यासाठी मानपत्र. फ्लेक्स आले आणि निम्मे पेंटर रिक्षा चालवायला लागले, पण अश्विन टिकला. त्याच्या हातच्या नावात माणूस दिसतो असं लोक म्हणायचे. हा हात त्याला मोठेबाबांनी दिला. मोठेबाबा म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, सोमाजी रंगारी. तेव्हा वय अठ्ठ्याहत्तर, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, मुक्काम बल्लारपूरला.

झाडीपट्टीत अजून लग्नघराच्या दर्शनी भिंतीवर नवरा-नवरीची नावं रंगवतात. वर मोठ्या अक्षरात 'मंगल परिणय', मध्ये कमळ, एका बाजूला तो, दुसऱ्या बाजूला ती. सोमाजींनी अशा शेकडो भिंती लिहिल्या, आणि त्यांची एक रीत होती. अक्षरं आधी लिहून ठेवायची, पण डोक्यावरची रेघ मारायची नाही. ती हळदीच्या दिवशी, हळद लागायच्या आधी. दोन्ही नावांवर मिळून एकच रेघ. नवऱ्याच्या पहिल्या अक्षरावर ब्रश टेकवायचा आणि नवरीच्या शेवटच्या अक्षरावरच उचलायचा.

मध्ये थांबायचं नाही. काहीही झालं तरी.

अश्विनने ही रीत वीस वर्षं पाळली. त्याच्या हाताला तिची इतकी सवय झाली होती की डोक्याला विचारायची गरजच उरली नव्हती.

त्याची धाकटी बहीण रिना. बल्लारपूरला इंग्रजी शाळेत शिकवायची. डावखुरी, बडबडी, आणि भित्री इतकी की बाथरूममध्ये पाल दिसली तर शेजाऱ्यांना कळायचं. वडील लवकर गेले, त्यामुळे हिला अश्विननेच शिकवलं, वाढवलं. तिचं लग्न ठरलं प्रवीणशी. प्रवीण लाइनमन, स्वभावाने गरीब. त्याचं आधी एकदा लग्न ठरलं होतं, ती मुलगी लग्नाआधीच वारली, हे त्यांनी लपवलं नव्हतं. सगळे म्हणाले, त्यात पोराचा काय दोष?

लग्न मुलाकडे होतं. रिनाने एकच हट्ट धरला.

"दादा, त्यायच्या भिंतीवर माझं नाव तूच लिहायचं. दुसऱ्या कोनाचं मले चालत नाई."

"नवरीचा भाऊ आधीच नवऱ्याच्या घरी जाऊन भिंत रंगवते का? लोक हासतील ना बे."

"हासू दे."

गेला तो. नाही म्हणणं त्याला तिच्यापुढे कधी जमलंच नाही.

निघताना मोठेबाबांच्या पाया पडायला गेला. गावाचं नाव म्हाताऱ्याने दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाला, "भिंत आधी खरडून घेजो. पार मातीपर्यंत. चुन्यावर रंग नको लावू."

अश्विनला वाटलं, रंगाचे पोपडे सुटू नयेत म्हणून सांगताहेत.

गुरुवारी तो पोचला. चव्वेचाळीस डिग्री ऊन. भिंत चांगली गुळगुळीत होती, जुना चुना घट्ट बसलेला. खरडायची लोखंडी पट्टी त्याने पिशवीतून काढलीसुद्धा. चार हात खरडलं, घाम डोळ्यांत गेला, आणि त्याने पट्टी परत पिशवीत टाकली. दोन दिवसांचं तर काम. कोण बघतंय?

वरूनच पांढऱ्या डिस्टेंपरचा हात दिला. संध्याकाळपर्यंत निळ्या रंगात अक्षरं लिहून झाली. एकीकडे 'प्रवीण'. मध्ये कमळ. दुसरीकडे 'रिना'. रेघेवाचून अक्षरं उघडी दिसत होती, पण ती तशीच दिसायची असतात.

दुसरा दिवस, शुक्रवार. हळद चार वाजता.

दुपारची जेवणं आटोपली आणि सगळं घर मांडवात आडवं झालं. कूलर घरघरत होता. अश्विनने भिंतीसमोर लाकडी बाक लावला, गेरूत बुडवलेली सुतळी ताणून भिंतीवर झटका दिला. रेघेची खूण उमटली. मग तो जरा मागे सरकला, नजर टाकायला.

आणि थांबला.

'रिना'च्या मागे काहीतरी होतं...

पिवळट. ओल्या भिंतीवर डाग येतो तसं. पण एप्रिलमधल्या भिंतीला ओल कुठली?

तो जवळ गेला. डाग नव्हता. अक्षरं होती.

ख. त्याचा उकार. श...

'खुशबू.'

रेघ नसलेलं नाव. आणि तो 'ख' त्याने ओळखला. शेपटी अशी आत वळवून घेणारा 'ख' अख्ख्या जिल्ह्यात एकच माणूस काढायचा. ते मोठेबाबांचं अक्षर होतं.

अश्विन घाबरला नाही, चिडला. न खरडल्याचं फळ म्हणाला. ब्रश घेतला, तेवढ्या जागेवर डिस्टेंपर मारलं, 'रिना' पुन्हा लिहिलं. त्या उन्हात रंग वाळायला किती वेळ लागणार?

वाळला.

आणि 'खुशबू' पुन्हा वर आलं... आधीपेक्षा ठळक.

त्याने पुन्हा झाकलं. या खेपेला दोन हात दिले. 'रिना' तिसऱ्यांदा लिहिलं आणि बाकावर बसून राहिला. पाच मिनिटं. दहा मिनिटं. भिंत पांढरीच राहिली.

हुश्श केलं. घड्याळ बघितलं. सव्वादोन.

तेव्हा त्याच्या लक्षात आलं की कूलरचा आवाज येत नाहीये...

लाइट गेली असेल. पण मांडवातल्या पोरांचाही आवाज नव्हता. होल्याचा नव्हता. जंगलाकाठच्या गावात दुपारी होला पारव्यासारखा घुमतोच. तोही गप्प.

टप...

मागे काहीतरी पडलं.

टप... टप...

पाचोळ्यावर मोहाचं फूल पडतं तसा आवाज. ज्याने एकदा ऐकला तो विसरत नाही. पण मोहफूल पहाटे गळतं. दुपारी दोनला नाही. आणि त्या अंगणात मोहाचं झाड नव्हतं, पाचोळाही नव्हता. शेणाने सारवलेली स्वच्छ जमीन होती.

वास मात्र आला. गोड, जड, डोक्यात शिरणारा.

अश्विन पक्का बुद्धाचा माणूस. भूत, भानामती, उतारा, सगळं त्याच्या घरात आजोबांच्या काळापासून बंद. स्वतःशीच म्हणाला, ऊन लागलंय. रेघ मारायची आणि मडक्यातलं पाणी डोक्यावर ओतायचं.

बाकावर चढला. जाड ब्रश रंगात बुडवला. 'प्र' वर टेकवला.

श्वास धरला आणि बाकावरून एकेक पाऊल सरकायला लागला. 'प्रवीण' झालं. कमळावरून रेघ गेली. सरळ, सुतासारखी. ब्रश 'रिना'च्या 'रि'वर आला...

तिथे 'रि' नव्हता.

'ख' होता. शेपटी आत वळवलेला. आणि त्याचा रंग ओला होता.

इथे कुणीही हात उचलला असता. तुम्ही उचलला असता, मी उचलला असता. पण आपण रंगारी नाही. मध्ये थांबायचं नाही, हे त्या हातात वीस वर्षं मुरलेलं. अश्विनचं डोकं ओरडत होतं, थांब. हात चालत राहिला. कुणी ढकलला नाही, कुणी ओढला नाही. अश्विन हे मला पुन्हा पुन्हा सांगतो. म्हणतो, कोणी ओढला असता तर बरं झालं असतं.

खु. मग श. शेवटचा बू.

रेघ पुरी झाली. ब्रश उचलला.

टप टप थांबली.

आणि अगदी मागे, त्याच्या पाठीशी, कुणीतरी दमून श्वास सोडला... डोक्यावरची भरलेली टोपली खाली ठेवल्यावर बाईमाणूस सोडते तसा.

तो वळला. कुणी नव्हतं. मांडवात कूलर घरघरत होता. एक पोर पाण्यासाठी रडत होतं.

भिंतीकडे पाहिलं. 'प्रवीण', कमळ, 'रिना'. वरून एक सुरेख निळी रेघ. खुशबूचा कुठे मागमूस नाही.

हळद झाल्यावर त्याने प्रवीणच्या आईला, कांताबाईंना, एका बाजूला घेऊन विचारलं, "बाई, ह्या भिंतीवर आधी कोनाचं नाव होतं का?"

कांताबाईंच्या हातात हळदीचं ताट होतं.

"कोन सांगतलं तुमाले?"

"कोनी नाई. सहज."

"खुशबू नाव होतं तिचं. इथलीच, त्या टोलीवरच्या वस्तीतली. प्रवीणचं मन होतं तिच्यावर. मागच्याच साली, हळदीले चार दिवस होते. मायसंग मोहफुलं येचाले गेली आन् वाघानं नेली. टोपली भरून होती तशीच सापडली." ताट त्यांनी छातीशी धरलं. "आता नको काढू बाबू तो विषय. पोरगा आत्ता कुठी सावरला."

अश्विनने गाडी काढली आणि नदीच्या पुलावर थांबून मोठेबाबांना फोन लावला.

"त्या भिंतीवर खुशबू नाव तुमी लिवलं होतं?"

म्हाताऱ्याने उलट विचारलं,

"तू भिंत खरडली नाई?"

"नाई."

"रेघ?"

"मारली."

म्हातारा रडायला लागला. अश्विनने त्यांना भावाच्या मयतीतही रडताना पाहिलं नव्हतं.

"मी नवती मारली रे. अक्षरं लिवून आलो आन् चौथ्या दिवशी पोरगी गेली. मंग चुना फासून आलो. खरडाले हातच नाई झाला. नव्या नवरीचं नाव होतं ना ते... लय बेकार वाटे. तवापासून रोज सपनात येते. बोलत नाई काई. माह्या ब्रशकडं पायत रायते."

"मंग मले साफ काऊन नाई सांगितलं?"

"काय सांगू? सारी जिंदगी तुमाले सांगत आलो, भूत नसते म्हनून. आता मराच्या वख्ती सांगू का, असते?"

रात्री अश्विन बल्लारपूरला घरी पोचला. रिना हळदीने पिवळी होऊन बसली होती. त्याला बघताच उठली.

"दादा, कसं दिसते माझं नाव?"

सांगायचं होतं. लग्न थांबव, म्हणायचं होतं. पण काय म्हणून थांबवणार? भिंतीवर डाग आला म्हणून? आठशे पत्रिका वाटल्या होत्या, त्याच्याच हाताने लिहिलेल्या. ती इतकी खूश होती.

"छान दिसते," तो म्हणाला.

एवढंच. त्या दोन शब्दांसाठी त्याने स्वतःला आजतागायत माफ केलेलं नाही.

लग्न व्यवस्थित पार पडलं. मी होतो. त्रिशरण, पंचशील, फुलं, जेवण. नवरी भिंतीसमोर उभी राहून फोटो काढून घेत होती. मला आठवतंय, ती त्या नावाला सारखा हात लावून बघत होती. डावा हात.

पहिला आठवडा तिचे रोज फोन. पाली लय आहेत, रात्री जंगलातून आवाज येतात, दादा मले घेऊन जा ना दोन दिवस. तक्रारी ऐकून अश्विनला हायसं वाटायचं. म्हणजे रिनाच आहे.

दुसऱ्या आठवड्यात एक दिवसाआड.

मग फोन हाच करायचा. ती "हो", "बरी आहे" एवढंच. 'दादा' म्हणायची नाही.

दहा मेला प्रवीणचा फोन आला. आवाज दबलेला.

"अश्विनभाऊ, रिना पहाटे उठून जंगलात जाते. एकटी."

"रिना? जंगलात?"

"मोहफुलं आनते टोपलीभर."

"बरं... मंग?"

"भाऊ, मोह संपून पंधरा दिवस झाले. झाडाखाली एक फूल नाई. ही रोज भरून आनते. आन् आता सारं उजव्या हातानं करते."

अश्विन त्याच दुपारी गेला. रिना घरात नव्हती. शोधत शोधत टोलीवर पोचला. एका कुडाच्या घरासमोर ती एका म्हाताऱ्या बाईचे केस विंचरत बसली होती. उजव्या हाताने. ते खुशबूच्या आईचं घर होतं. तिला तिथली वाट कुणी दाखवली नव्हती. म्हातारीच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि ती हाताने रिनाचा गुडघा घट्ट धरून होती.

"रिने," अश्विनने हाक मारली.

तिने वर पाहिलंच नाही. पुन्हा मारली. तिसऱ्या हाकेला मान वर केली. कुणीतरी दुसऱ्याच माणसाला हाक मारतंय आणि आपल्याकडे का बघतंय, अशी.

डॉक्टर झाले. चंद्रपूर झालं, नागपूर झालं. गोळ्या झाल्या. लग्नानंतर होतं कधीकधी, मनावर ताण असतो, म्हणाले. रिपोर्ट सगळे चांगले. अश्विनच्या आईने तिला बल्लारपूरला आणून ठेवलं, तर ती उंबऱ्याशी पदर घेऊन बसून राहिली आणि आईला "बाई, मले माह्या गावाले पोचवून द्या" म्हणत राहिली. पाचव्या दिवशी आईनेच हात टेकले. मोठेबाबा त्या पावसाळ्यात गेले. शेवटचे चार दिवस उजवा हात उशीखाली दाबून धरला होता.

प्रवीणची अश्विनने एकदा गचांडीच धरली. "तुले समजते ना सारं? काऊन गप बसून आहेस?"

प्रवीणने सोडवून घेतलं नाही. "काय करू सांगा. हाकलू कोनाले? जे आहे ते रिनाचं आंग आहे, भाऊ. हाकललं आन् दोघीबी गेल्या तर?"

अश्विनने गचांडी सोडून दिली.

आता भिंतीचं सांगतो. मी स्वतः जाऊन बघितली आहे, मागच्या दिवाळीत. 'प्रवीण' तसंच आहे, कालच लिहिल्यासारखं. कमळही. 'रिना'ची अक्षरं पहिल्या पावसाळ्यातच पोपडे होऊन गळाली. तिथे आता पांढरी जागा आहे. 'खुशबू'ही दिसत नाही. पण वरची रेघ अखंड आहे. कोऱ्या जागेवर, खाली काहीही नसताना, निळीशार. मी नखाने खरवडून पाहिली. निघत नाही. मग बोटाला वास आला आणि मी हात धुतला. तेव्हापासून त्या हाताने जेवताना मला बरं वाटत नाही.

अश्विन लग्नाची कामं घेत नाही. दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी गाडीवर त्या गावाला जातो. पिशवीत ब्रश आणि निळा रंग. त्या कोऱ्या जागेत तो 'रिना' लिहितो. कधी चहा येईपर्यंत टिकतं, कधी तेवढंही नाही. तरी जातो, लिहितो.

मागच्या खेपेला मीही सोबत होतो.

ऊन होतं. तो बाकावर उभा राहून लिहीत होता, मी खाली रंगाचा डबा धरून. ती पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. डोक्यावर पदर, उजव्या हातात तांब्या. रिनाचाच चेहरा, गालावरचा लहानपणीचा व्रणही तोच, सायकलवरून अश्विननेच पाडलं होतं तेव्हाचा. ती आमच्या मागे उभी राहून नाव पुरं होईपर्यंत बघत राहिली.

"अक्षर लय सुंदर आहे जी तुमचं," ती म्हणाली. "कोनाचं नाव लिवता इथी दरखेपी?"

अश्विन वळला नाही. ब्रश भिंतीवरच होता.

"माह्या बयनीचं."

"हो का?" तिने तांब्या बाकावर ठेवला.

"कुठी रायते ती?"